'डॅम्प' आणि दमट : एका इंग्रजी शब्दाचा अर्थप्रवास आणि मलकापूर परिसरातील ओल

प्रस्तावना

कोल्हापूर जिल्ह्याच्या शाहूवाडी तालुक्यातील मलकापूर हे गाव कोल्हापूर–रत्नागिरी मार्गावर, आंबा घाटाच्या अलीकडे वसलेले आहे. विशाळगडच्या पंतप्रतिनिधींच्या जहागिरीचे ठाणे म्हणून एकोणिसाव्या शतकात या गावाला विशेष महत्त्व प्राप्त झाले. भौगोलिक दृष्टीने पाहता ते पावसाच्या उतरंडीवर उभे आहे. जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला गगनबावडा येथे वर्षाकाठी सुमारे ५००० मिलिमीटर पाऊस पडतो, तर पूर्वेकडील शिरोळ तालुक्यात तोच सुमारे ५०० मिलिमीटरवर येतो. एकाच जिल्ह्यात दहापट अंतर असलेल्या या दोन टोकांच्या मध्ये, परंतु स्पष्टपणे पश्चिमेकडे झुकलेला असा मलकापूरचा परिसर आहे. येथील घर, शेत, धान्य, सरपण, वस्त्र आणि प्रकृती या साऱ्यांचा विचार पावसाळ्याचे चार महिने ओलीच्या संदर्भातच केला जातो.

अशा प्रदेशाचा आधुनिक इतिहास लिहिताना अभ्यासकाला ब्रिटिश अमदानीतील कागदपत्रांचा आधार घ्यावा लागतो. मेजर ग्रॅहम यांचा कोल्हापूर संस्थानावरील १८५४ चा अहवाल आणि जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेला मुंबई गॅझेटियरचा कोल्हापूरविषयक खंड ही त्यांतील ठळक साधने होत. त्या काळच्या अहवालांत, वैद्यकीय नोंदींत आणि प्रवासवर्णनांत घाटमाथ्याच्या हवेविषयी लिहिताना 'डॅम्प' हा शब्द वारंवार येतो. मराठीत उतरवताना त्याच्यासमोर 'दमट' हा शब्द ठेवला जातो आणि वाचक पुढे सरकतो. उच्चारातील साम्यामुळे तर या जोडीविषयी शंकाही येत नाही. तथापि हे भाषांतर वाटते तितके निर्दोष नाही. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी लेखकाच्या मनात 'डॅम्प' या शब्दाबरोबर पाण्यापेक्षाही दूषित वाफेची कल्पना उभी राहत असे. ती कल्पना दुर्लक्षिली तर त्या कागदांतील प्रदेशाविषयीचे निवाडे निव्वळ हवामानाची निरीक्षणे वाटू लागतात. प्रस्तुत निबंधात या शब्दाचा उगम, त्याचा अर्थप्रवास आणि मलकापूर परिसरातील मराठी शब्दसंपत्ती यांचा एकत्र विचार केला आहे.

शब्दाचे मूळ

इंग्रजीतील 'डॅम्प' हा शब्द जर्मानिक कुळातील आहे. मध्यकालीन निम्न जर्मन भाषेतील 'डाम्प' या शब्दापासून तो आला असावा, असे कोशकारांचे सर्वसाधारण मत आहे. आजच्या जर्मन भाषेत त्याचे भावंड 'डाम्फ' हे असून त्याचा अर्थ वाफ असा होतो. वाफेवर चालणाऱ्या बोटीला जर्मनमध्ये 'डाम्फर' म्हणतात. डच भाषेतील 'डाम्प' हाही वाफ, धूर याच अर्थाचा आहे. म्हणजे इंग्रजीच्या सख्ख्या बहिणींमध्ये या शब्दाचा ओलेपणाशी थेट संबंध नाही. इंग्रजीतही तो प्रारंभी नव्हता. चौदाव्या-पंधराव्या शतकांत 'डॅम्प' म्हणजे अपायकारक वाफ, गुदमरवणारा वायू. आणि त्याच शब्दाचे क्रियापद म्हणजे गुदमरवणे, विझवणे. आग 'डॅम्प' करणे या प्रयोगात तो अर्थ अजून शिल्लक आहे आणि पियानोच्या तारांचा नाद दाबणाऱ्या भागाला 'डॅम्पर' म्हणतात, तेही याच अर्थाने. किंचित ओला हा अर्थ निश्चितपणे दिसू लागतो तो अठराव्या शतकाच्या आरंभी. सॅम्युअल जॉन्सन यांच्या १७५५ च्या प्रसिद्ध कोशात या नामाचे अर्थ देताना धुके किंवा ओलसर हवा, भूमीतून निघणारी अपायकारक वाफ आणि मनाची खिन्नता असे तीनही अर्थ शेजारी शेजारी नोंदवलेले आहेत. ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी हिंदुस्थानात आले ते ही तिहेरी अर्थाची इंग्रजी घेऊन.

ओलेपणाच्या इतर इंग्रजी शब्दांचे गोत्र निराळे आहे. 'ह्यूमिड' लॅटिनमधून आला. त्याच्या आरंभीचा 'ह' हा भूमिवाचक 'ह्यूमस' या शब्दाच्या प्रभावाने नंतर चिकटला, असे मानले जाते. 'मॉइस्ट' जुन्या फ्रेंचमधून आला. 'वेट' मात्र 'वॉटर'च्या घरातील आहे आणि म्हणून संस्कृत 'उदक' या शब्दाचा दूरचा आप्त आहे. या सर्वांत वाफेच्या घरातून ओलीच्या घरात दत्तक गेलेला शब्द 'डॅम्प' हाच.

आता उच्चारसाम्याचा प्रश्न. 'डॅम्प' आणि 'दमट' हे एकाच मुळाचे आहेत काय? वि. का. राजवाडे यांनी व्युत्पत्ती हे इतिहासाचे साधन मानले आणि मराठी अभ्यासकांना या वाटेची गोडी लावली. त्यांच्या मागोमाग केवळ कानावर विसंबून शब्दांची नाती जुळवण्याचा मोहही पसरला, हे नमूद केले पाहिजे. भारत-युरोपीय भाषांचे नाते विल्यम जोन्स यांनी १७८६ च्या व्याख्यानात सूचित केले. परंतु ते नाते तपासण्याची कसोटी मिळाली ती याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये मांडलेल्या ध्वनिनियमांनी. या नियमांनुसार संस्कृतमधील 'द' हा इंग्रजीत 'ट' होतो : दश–टेन, द्वि–टू, दन्त–टूथ. उलट इंग्रजीतील 'ड' हा संस्कृत 'ध'शी जुळतो : धा–डू, विधवा–विडो, मधु–मीड. तेव्हा 'दमट' हा संस्कृतातून वारशाने आलेल्या 'द'काराचा शब्द असेल, तर त्याचे इंग्रजी भावंड 'ट'काराने सुरू व्हावयास हवे. 'डॅम्प'चे भारतीय भावंड शोधायचे तर ते 'ध'काराखाली शोधले पाहिजे.

तेथे ते सापडते. फुंकणे, धमणे या अर्थाचा संस्कृत धातू 'ध्मा' किंवा 'धम्' आणि जर्मानिक भाषांतील वाफवाचक शब्द यांचे मूळ एकच असावे, असे अनेक तौलनिक भाषाशास्त्रज्ञांनी मानले आहे. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायात शंख फुंकण्यासाठी येणारे 'दध्मौ' हे रूप याच धातूचे. मराठीतील 'धमनी' हा शब्द आणि पोटात वारा धरण्याच्या विकारासाठी आयुर्वेदाने वापरलेला 'आध्मान' हा शब्दही त्याच घरातील. दुसरी वाट फारसीची. इराणी भाषांत मूळ 'ध' आणि 'द' एकत्र होऊन 'द' झाला. त्यामुळे तेथे त्याच धातूपासून 'दम' म्हणजे श्वास असा शब्द सिद्ध झाला. तो मराठीत आला आणि इतका रुळला की 'दम लागणे', 'दम धरणे', 'दम देणे' हे प्रयोग परके आहेत असे कोणासही वाटत नाही. श्वासाच्या विकाराचे 'दमा' हे नावही फारसीच. अर्थात 'डॅम्प'चे मराठीतील बऱ्याच अंशी खात्रीचे आप्त म्हणून धमनी आणि दमा यांचीच नावे घ्यावी लागतात.

मग 'दमट'चे काय? आंबट, खारट, तुरट, कुबट, तेलकट, मळकट या शब्दांच्या ओळीत तो सहज बसतो. त्याची घडण अस्सल मराठी आहे. इंग्रजी 'डॅम्प'मधील 'प' गाळून त्याला 'ट' प्रत्यय लावला आणि दमट झाले, ही कल्पना टिकण्यासारखी नाही. भांड्याचे तोंड बंद करून कोंडलेल्या वाफेवर अन्न शिजवण्यालाही 'दम देणे' म्हणतात, हे ध्यानात घेता 'दम' म्हणजे कोंडलेली वाफ आणि 'दमट' म्हणजे तशा वाफेने भरलेले, अशी उपपत्ती सुचते. ती सिद्ध झाली, तर दोन्ही शब्दांचे साम्य अगदीच आगंतुक ठरणार नाही. मात्र ते नाते उसनवारीचे नसून काही सहस्रकांच्या वळशाने आलेले असेल. ही शक्यता आहे, सिद्धता नाही.

खाणीतली वाफ, भूमीची वाफ

वाफ या अर्थाने 'डॅम्प' सर्वाधिक काळ टिकला तो इंग्लंडच्या कोळसाखाणींत. खाणकामगार निरनिराळ्या घातक वायूंना निरनिराळे 'डॅम्प' म्हणत. भडका उडवणारा मिथेन तो 'फायरडॅम्प'. प्राणवायू नसल्याने दिवा विझवणारी आणि माणूस गुदमरवणारी हवा ती 'ब्लॅकडॅम्प' किंवा 'चोकडॅम्प'. स्फोटानंतर उरणारे विषारी मिश्रण ते 'आफ्टरडॅम्प'. सडक्या अंड्यासारखा वास असणारा हायड्रोजन सल्फाइड तो 'स्टिंकडॅम्प'. २५ मे १८१२ रोजी ईशान्य इंग्लंडमधील फेलिंग येथील खाणीत 'फायरडॅम्प'चा स्फोट होऊन ९२ कामगार मृत्युमुखी पडले. त्यानंतरच्या प्रयत्नांतून १८१५ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी जाळीचा सुरक्षादीप तयार केला. या सर्व शब्दांत पाण्याचा थेंबही नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. जमिनीच्या पोटातून निघणारे, न दिसणारे आणि जीव घेणारे असे काहीतरी, हा त्यांचा समान आशय.

हाच आशय तत्कालीन वैद्यकशास्त्राने उचलून धरला होता. सडणाऱ्या वनस्पती, दलदल आणि ओली जमीन यांतून दूषित वाफ निघते व तीच ताप, अतिसार आदी रोगांचे कारण होय, ही समजूत हिपोक्रॅटिसच्या काळापासून युरोपात चालत आली होती. 'मलेरिया' या नावाचा मूळ इटालियन अर्थही वाईट हवा असाच आहे. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या इंग्रजी डॉक्टरने एखाद्या जागेस 'डॅम्प' म्हटले की त्या शब्दात निरीक्षण आणि निदान दोन्ही अंतर्भूत असत. जमीन ओली आहे, म्हणून ती वाफ सोडते, म्हणून येथे राहणाऱ्यास रोग होणार, अशी ती तीन पायऱ्यांची विचारसाखळी होती आणि ती एका शब्दात मावत असे.

या संदर्भात केवळ इंग्रजांकडे बोट दाखवणे अन्यायाचे होईल. आयुर्वेदाने प्रदेशांचे जांगल, आनूप आणि साधारण असे तीन प्रकार मानले. पाणी व वृक्ष यांनी भरलेला आनूप देश कफप्रधान विकारांचा आणि कोरडा, मोकळा जांगल देश तुलनेने निरोगी, अशी ती मांडणी आहे. म्हणजे ओल आणि रोग यांची सांगड या भूमीतही जुनीच होती. फरक असा की आयुर्वेदाने त्या देशातील माणसाचा आहार-विहार त्या देशाला अनुसरून सांगितला. आनूप देश सोडून जावा, असा त्याचा मुख्य उपदेश नव्हता. वसाहतीच्या अधिकाऱ्याचा कल नेमका प्रदेश टाळण्याकडे होता.

सह्याद्रीतील 'डॅम्प'

मलकापूर परिसराशी इंग्रजांचा संबंध फार जुना आहे. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्यास वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या इंग्रज वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन तोफगोळे घेऊन सिद्दीच्या मदतीस आला होता. त्याच वर्षी जुलै महिन्यात, भर पावसात शिवाजी महाराज वेढा भेदून विशाळगडाकडे निघाले आणि घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे यांनी सिद्दीची फौज रोखली. हा मार्ग आजच्या शाहूवाडी तालुक्याच्या रानातून जातो. पाऊस, चिखल आणि धुके यांचा फायदा कोणास झाला, हे सर्वज्ञात आहे. रेव्हिंग्टनच्या पिढीच्या इंग्रजीत 'डॅम्प' हा अजून मुख्यतः वाफेचा आणि धुक्याचा शब्द होता. आजचा सौम्य अर्थ अद्याप पक्का व्हावयाचा होता. पुढे मुंबईच्या इंग्रज वस्तीत तर दोन पावसाळे म्हणजे माणसाचे आयुष्य, अशा आशयाची म्हणच प्रचलित झाली. त्या वस्तीच्या दृष्टीने पावसाळा हा शेतीचा हंगाम नव्हताच, तो मृत्यूचा हंगाम होता.

हीच दृष्टी एकोणिसाव्या शतकात सह्याद्रीच्या नकाशावर उमटली. सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत १८२८-२९ च्या सुमारास महाबळेश्वर हे आरोग्यस्थान म्हणून वसवले गेले. परंतु ते उन्हाळ्यापुरते. जूनमध्ये पाऊस लागला की युरोपीय मंडळी तेथून उतरत. बारमाही वस्तीसाठी त्यांनी निवडले ते पर्जन्यछायेतील पाचगणी, ज्याच्या उभारणीत जॉन चेसन यांचा वाटा मोठा आहे. या दोन ठिकाणांतील अंतर वीस किलोमीटरही नाही. तेवढ्या अंतरात एक जागा 'डॅम्प' आणि दुसरी निरोगी ठरली. घाटमाथ्यावरील धनगर, कुणबी व इतर समाज महाबळेश्वरच्या त्याच पावसात पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, त्यांचा विचार या वर्गीकरणात नाही.

मलकापूरकडे इंग्रजी सत्तेचे लक्ष गेले ते आरोग्यासाठी नव्हे. १८४४ मध्ये कोल्हापूर संस्थानात गडकऱ्यांचे बंड झाले. त्यानंतर बंडात सामील असलेल्या किल्ल्यांची तटबंदी पाडण्यात आली, विशाळगडही त्यात होता, आणि जहागिरीचे केंद्र गडावरून मलकापुरास आले. हा बदल राजकीय कारणांनी झाला, परंतु त्याचा परिणाम येथील ओलीच्या इतिहासावरही झाला. गडावरची वस्ती दाट धुक्यात आणि वाऱ्यात होती. नवे ठाणे नदीकाठी, भातखाचरांच्या शेजारी आले. वाडे, कचेरी, बाजारपेठ यांची बांधणी या ओल्या जमिनीवर करावी लागली. उंच जोते, उतरती कौलारू छपरे, पुढे आलेली पाख, जांभ्याच्या किंवा मातीच्या जाड भिंती आणि माळ्यावर धान्य ही या भागातील बांधणीची वैशिष्ट्ये ओलीला हटकून घालवण्यापेक्षा तिच्याशी जुळवून घेणारी आहेत. चुलीचा धूर माळ्यातून कौलांवाटे बाहेर पडे आणि जाता जाता धान्य, लाकूड व कौलांखालचे वासे कोरडे ठेवी. गॅझेटियरच्या काळातील युरोपीय डोळ्यांना अशी घरे अंधारी व कोंदट दिसत; त्या धुराचे काम त्यांच्या लक्षात येत नसे.

या दृष्टिभेदाची सर्वांत कठोर परिणती प्लेगच्या काळात दिसली. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग सुरू झाला आणि पुढे पुण्यास पोहोचला. ओलसर, अंधारी, हवा न खेळणारी घरे हीच रोगाची वस्ती, या धारणेने घरांच्या भिंतींना चुना फासणे, जमिनी उकरणे, ऊन आत यावे म्हणून छपराची कौले काढणे असे उपाय योजण्यात आले. पुण्यातील प्लेग-बंदोबस्ताबद्दलचा रोष २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावरील हल्ल्यापर्यंत गेला. कोल्हापूर संस्थानातही या साथीत शाहू महाराजांनी लोकांना गावाबाहेर मोकळ्या जागी हलवण्याची व्यवस्था केली. प्लेगचा प्रसार उंदरावरील पिसवांमुळे होतो, हे पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये दाखवले. ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे लागली. दरम्यान २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या शरीरात हिवतापाचे परोपजीवी आढळले होते. भूमीच्या वाफेचा सिद्धान्त येथे संपला. शब्द राहिला, परंतु त्याचे निदान गळून पडले आणि 'डॅम्प' म्हणजे केवळ किंचित ओले, हा आजचा अर्थ निर्वेध झाला. गॅझेटियर वाचणारा आजचा अभ्यासक हा रॉसनंतरचा अर्थ घेऊन रॉसपूर्वीचा मजकूर वाचत असतो, आणि घोटाळा होतो तो येथेच.

मलकापूर परिसरातील ओलीची भाषा

जेम्स मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आणि त्याची दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली; मोल्सवर्थ व थॉमस कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. या कोशांचे ऋण कोणत्याही मराठी अभ्यासकास नाकारता येणार नाही. तरीही कोशातील प्रतिशब्दांच्या ओळीत प्रत्येक शब्दामागील मूल्यभाव उतरत नाही. इंग्रजी 'डॅम्प' एका शब्दात जे कोंबतो, ते शाहूवाडी-पन्हाळा भागातील मराठीने अनेक शब्दांत विभागून ठेवले आहे, आणि त्या विभागणीत चांगल्या व वाईट ओलीचा स्पष्ट विवेक आहे.

मूळ शब्द 'ओल'. संस्कृत 'आर्द्र' या शब्दाची 'उल्ल', 'ओल्ल' अशी प्राकृत रूपे हेमचंद्रासारख्या वैयाकरणांनी नोंदवली आहेत. त्यातूनच ओल, ओला, ओलावा, ओलसर हे शब्द आले. आकाशातील आर्द्रा नक्षत्र आणि जमिनीतील ओल हे असे एकाच शब्दाचे दोन अवतार आहेत. शेतकऱ्याच्या तोंडी 'ओल' हा बहुधा संपत्तिवाचक शब्द असतो. 'ओल किती खाली गेली?' हा पहिल्या पावसानंतरचा प्रश्न आहे. पावसाळा संपल्यावर जमिनीत राहिलेल्या ओलीवर रब्बीचे पीक येते; पाटपाण्याखालील जमीन ती ओलिताची. याउलट ओल अति झाली तर 'ओला दुष्काळ'. दुष्काळ या शब्दाला ओला हे विशेषण लावणारी भाषा ओलीकडे भाबडेपणाने पाहत नाही, हे उघड आहे.

या भागातील भातशेतीचा सर्वांत अर्थपूर्ण शब्द 'वाफसा' होय. पाऊस पडून गेल्यावर जमीन चिखलही नाही आणि कोरडीही नाही, ढेकूळ हातात घेतले तर सहज फुटते, अशी जी अवस्था येते तिला वाफसा म्हणतात. आधुनिक मृदाशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर मातीच्या कणांमधील पोकळ्यांत पाणी आणि हवा यांचा योग्य तोल साधला गेलेला असतो. हीच वेळ मशागतीची. तिलाच 'घात येणे' असेही म्हणतात, आणि घात चुकली की हंगाम चुकतो. 'वापसा' असाही उच्चार ऐकू येत असल्याने या शब्दाचा संबंध 'वाप' म्हणजे पेरणी याच्याशी जोडणेही शक्य आहे. पण बोलणाऱ्याच्या कानाला त्यात वाफच ऐकू येते. पावसापूर्वी, मे महिन्यात कोरड्या तापलेल्या मातीत भात पेरण्याच्या पद्धतीला येथे 'धूळवाफ' पेरणी म्हणतात, तेथेही तोच शब्द. भूमीतून निघणारी वाफ ही कल्पना अशा रीतीने दोन्ही भाषांत आहे. इंग्रजी लेखकाने त्या वाफेत रोग पाहिला. मलकापूरच्या शेतकऱ्याने तीत पेरणीचा मुहूर्त पाहिला. गॅझेटियरच्या वाक्यातील 'डॅम्प' आणि त्याच जमिनीविषयीचा 'वाफसा' हे शब्द एकाच वस्तुस्थितीविषयी परस्परविरुद्ध साक्ष देतात, आणि इतिहासकाराने दोन्ही साक्षी नोंदवल्या पाहिजेत.

घरातील ओलीचे शब्द मात्र बहुतांशी तक्रारीचे आहेत. पापड, तंबाखू, चिवडा सादळतो. काडेपेटी सर्दते, फारसीत 'सर्द' म्हणजे थंड, मराठीने त्याला ओलीकडे वळवून घेतले. वाळत घातलेल्या कपड्यांना कुबट वास येतो. भिंतीला ओल येते, पोपडे सुटतात, लोणा धरतो. या सर्वांत 'दमट' हा शब्द प्रामुख्याने हवेसाठी आणि बंद जागेसाठी राखलेला दिसतो. शेतातील ओलीला कोणी दमट म्हणत नाही. पावसाचीही वये ठरलेली आहेत : पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा तो म्हातारा. त्या त्या पावसाची ओल निराळी आणि तिची कामेही निराळी.

लक्षणेचा प्रांत पाहिला तर दोन भाषांतील अंतर आणखी ठळक होते. जॉन्सन यांनी नोंदवलेला मनाच्या खिन्नतेचा अर्थ इंग्रजीत आजही जिवंत आहे. कोणाचा उत्साह 'डॅम्प' होतो, म्हणजे विझतो. मराठीत ओलावा हा मायेचा असतो. पत्रात ओलावा असतो, नात्यात ओलावा असतो, आणि तो आटला की माणूस कोरडा वागू लागतो. चार महिने पावसाशी झुंजणाऱ्या, पण उरलेले आठ महिने पाण्याची वाट पाहणाऱ्या समाजाच्या भाषेत हे होणे स्वाभाविक आहे. इंग्रजी कादंबरीचे मराठी रूपांतर करणाऱ्यांनी या ठिकाणी अडखळणे हेही तितकेच स्वाभाविक आहे.

ओल आणि रोग यांचा संबंध वाफेच्या सिद्धान्ताबरोबर पूर्णपणे निकाली निघाला, असेही म्हणता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपीय विभागाने २००९ मध्ये घरातील ओल व बुरशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. अशा घरांत राहणाऱ्यांमध्ये श्वसनाच्या तक्रारी व दमा यांचे प्रमाण अधिक आढळते, असे त्यांत म्हटले आहे. कारण म्हणून आता भूमीची वाफ सांगितली जात नाही. बुरशीचे बीजाणू आणि सूक्ष्म जीव सांगितले जातात. दमा आणि 'डॅम्प' हे व्युत्पत्तीने दूरचे आप्त असल्याचे वर पाहिलेच. त्यांची भेट पुन्हा घराच्या ओल्या भिंतीपाशी व्हावी, हा योगायोग असला तरी लक्षणीय आहे.

मलकापूर आणि परिसरात जुन्या मातीच्या व जांभ्याच्या घरांची जागा आता बव्हंशी सिमेंटच्या घरांनी घेतली आहे. चुलीऐवजी गॅस आला, कौलांऐवजी स्लॅब आला, आणि ज्या धुराने माळा कोरडा राहत असे तो धूर उरला नाही. त्या धुराने घरातल्या बाईच्या डोळ्यांना व फुप्फुसांना होणारा त्रासही गेला, हे विसरून चालणार नाही. नव्या घरात जमिनीची ओल भिंतीत चढू नये म्हणून जोत्याच्या पातळीवर काँक्रीटचा अभेद्य थर घालतात. ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या बांधकाम-नियमांत रूढ झाली आणि सार्वजनिक बांधकाम खात्यामार्फत येथवर आली. इंग्रजीत त्या थराचे नाव 'डॅम्प प्रूफ कोर्स'. गवंडी त्याला 'डीपीसी' म्हणतात, आणि डीपीसी नीट घातली की ओल वर चढत नाही, असे घरमालकास सांगतात. त्या आद्याक्षरांतील पहिले अक्षर कशाचे, हे विचारण्याची त्यांना गरज पडत नाही.